मोतीबाईचा चौथा नंबर

१९ नोव्हेंबर २००७, सोमवार

सर्व संबंधितांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की माझी खुर्ची आज पुन्हा खाली करण्यात आलेली आहे.

या महिन्यातली ही नववी वेळ. खुर्ची माझी, बोनसच्या पैशांची, चाकं पाच, रंग काळा. बुडाखाली एक दांडी आहे, ती ओढली की आसन फुस्स करून खाली जातं. दिवसभर उल्हासनगरला सेठच्या जीन्सच्या कारखान्यात हिशेब लिहून मी साडेसातला अंबरनाथला घरी पोचते, चहाचा कप घेऊन बसायला जाते, आणि माझी हनुवटी की-बोर्डला लागते. जिचं ‘चिमटे’ हे सदर दर शनिवारी साप्ताहिकात छापून येतं अशा सेहेचाळीस वर्षांच्या बाईने टेबलाच्या कडेवरून जगाकडे पाहावं, ही काही शोभेची गोष्ट नाही.

गुन्हेगार ठाऊक आहे. समोरच्या दारातली माझी धाकटी जाऊ, प्रीती. उंची चार फूट दहा. खुर्ची खाली केल्याशिवाय तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि त्या आमच्या हॉलमध्ये असतात, म्हणून प्रीती दुपारी त्यांना जेवू घालायला येते आणि मग माझ्या कॉम्प्युटरवर ‘रणशिंग’ खेळते.

रणशिंग म्हणजे इंटरनेटवरचा खेळ. प्रत्येकाला एक गाव मिळतं. शेतं पिकवायची, घरं बांधायची, सैनिक पाळायचे, दुसऱ्याच्या गावावर चाल करून जायचं. सैन्य पोचायला अंतराप्रमाणे काही मिनिटांपासून चार-पाच तास लागतात. तुम्ही जेवा, झोपा, कामावर जा, खेळ थांबत नाही. ज्याच्या गावात घरं जास्त त्याचा नंबर वर. देशभरातले वीस हजार लोक खेळतात. पुण्याला हॉस्टेलला जाण्याआधी आमच्या रिद्धीने मला शिकवलं. मी प्रीतीला शिकवलं. हे शेवटचं वाक्य मी स्वतःच अधोरेखित करते आहे.

माझ्या गावाचं नाव ‘शरसंधान’. नंबर सहाशे चौदा. प्रीतीने आपल्या आजीचं नाव दिलं. आज पहिल्या दहाची यादी उघडली: किंगकोब्रा, डेथलॉर्ड, ब्लॅकटायगर, मोतीबाई.

चौथी! माझ्या खुर्चीवर बसून.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

या आठवड्याचे ‘चिमटे’ लिहून टाकले. विषय: अव्वल खेळाडू कोणाला म्हणावे. उत्तर: ज्याच्याकडे रिकामा वेळ, दुसऱ्याची खुर्ची आणि तिसऱ्याचं वीजबिल आहे त्याला. संपादक फोनवर खोकला येईपर्यंत हसले.

प्रीतीला मुद्दाम वाचून दाखवलं. तीही हसली. “काय भारी लिहिता हो ताई! हे मला सुचलंच नसतं.” टोमणा मारला आणि समोरच्याने त्याचं कौतुक केलं, यासारखा अपमान नाही.

मग मी साळसूदपणे विचारलं, “तू करतेस तरी काय एवढं?”

तिने शंभर पानी वही आणली. दूधवाल्याचा हिशेब असतो तसे रकाने. “हा डेथलॉर्ड बघा. रोज सकाळी साडेनऊ ते साडेबारा गायब. गेल्या मंगळवारपासून गायब होतो साडेबारा ते साडेतीन. मग मी पेपरातलं लोडशेडिंगचं टाइमटेबल बघितलं. नाशिककडच्या एका भागाचं तंतोतंत जुळतं. म्हणजे दादा नाशिकचे. आता त्यांची लाइट कधी जाणार ते त्यांच्या आधी मला कळतं.”

सगळा महाराष्ट्र त्या टाइमटेबलला शिव्या घालतो. ही बाई त्यावरून माणसांचे पत्ते काढते.

“आणि ही मागची पानं?”

“हरले ते. जिंकलेलं नाही लिहीत. त्यात काय लिहायचं?”

प्रत्येक पराभवापुढे ‘चूक’ असा रकाना आणि त्यात फक्त तिची स्वतःची चूक. माझेही पराभव मी नोंदवते, पण दुसऱ्यांच्या नावावर.

बदलापूरच्या औषध कंपनीत नऊ वर्षं ती पट्ट्यावरून सरकणाऱ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा तपासत होती. मिनिटाला एवढ्या स्ट्रिपा, त्यात एक खळगा रिकामा असला तरी हात आपोआप पुढे जायचा म्हणते. दोन वर्षांपूर्वी ती लाइन बंद झाली. वाटलं होतं, तो हात आता चपात्या लाटतोय.

२५ नोव्हेंबर, रविवार

बातमी अशी की प्रीतीला नोकरी लागू शकते.

रणशिंगवाल्या कंपनीला देखरेखीला माणसं हवीत. खेळाडूंची भांडणं सोडवायची, लबाडी पकडायची. हिंदी-मराठी यायला हवं, शिक्षणाची अट नाही, अट एकच: पाच डिसेंबरला पहिल्या दहात असलं पाहिजे. महिना सहा हजार, कॉम्प्युटर कंपनीचा. आपल्याला ही अट सहज पुरी करता येईल असं तिने आईंच्या पायाला तेल लावता लावता सांगितलं. प्लास्टर नसलेल्या पायाला.

नरेंद्रभावजींचा कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालतो. ते दारात उभे राहून म्हणाले, “वहिनी, हिचं झालं ना, तर पोरीची फी तरी सुटेल.” माझ्या नवऱ्याने, राजेंद्रने, भावाच्या पाठीवर थाप मारली. आई म्हणाल्या, “माजी प्रीती हाय हुशार.”

एकवीस वर्षं या घरात हुशार मी होते. ते पद कायम स्वरूपाचं आहे अशी माझी समजूत होती. मी अभिनंदन केलं. दात दिसतील इतपत हसले.

२८ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी निघताना कॉम्प्युटरला पासवर्ड घातला. हेतू सुरक्षिततेचा.

संध्याकाळी मोतीबाईचा नंबर सात झाला होता. ब्लॅकटायगरने दुपारी हात मारला. सुमारे अकरा मिनिटं मी अत्यंत सुखी होते.

मग राजेंद्र म्हणाला, “हे तू काय केलंस?”

“खेळ आहे हो.”

“तिच्यासाठी नाहीये, शीला.” एवढं बोलून तो भाजी आणायला गेला. हा माणूस वर्षातून दोन वाक्यं बोलतो आणि दोन्ही मला लागतात.

पासवर्ड काढला. प्रीतीच्या वहीत नोंद दिसली: ‘बुधवार. कॉम्प्युटर बंद. चूक: एकाच दारावर भरवसा ठेवला.’ इथेही तिची चूक! थोडी माझ्या नावावर लिहिली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

जे केलं ते लिहिते. इथे तरी लिहिते.

रविवारी प्रीतीच्या वारलेल्या वडिलांचं पुण्यानुमोदन आहे, बदलापूर गावात. सगळे जाणार. आईंजवळ मी थांबणार. म्हणजे अकरा ते पाच मोतीबाईच्या गावावर कोणी नाही.

जेवणाच्या सुट्टीत कारखान्यासमोरच्या परसूभाईच्या सायबर कॅफेत गेले. “आओ मॅडम, आज इधर कैसे? सेठ का नेट बंद?” मी म्हटलं, हो. नवीन नावाने खातं उघडलं, ‘हितचिंतक’. किंगकोब्राला दोन ओळी पाठवल्या: रविवार, दोन तारीख, अकरा ते पाच, मोतीबाई घरी नसेल. सातव्या नंबरच्या गावाचा त्याला काय उपयोग, असं वाटलं होतं. लगेच उत्तर आलं: “थँक्स अंकल.”

अंकल.

कॅफेतून निघाले तेव्हा हात गार होते. एसी नव्हता तिथे.

मी कोणाचं काय नेलं? कागदावरचं गाव. तेही कागदावरचं नाही, काचेवरचं. संध्याकाळी डब्यातली भाकरी तशीच परत आली.

१ डिसेंबर, शनिवार

मोतीबाई पुन्हा पाचवी. आणि संध्याकाळी ती वही घेऊन आली.

“ताई, कोब्राचं पत्र आलंय. ‘संडे को मिलते हैं आंटी.’ त्याला रविवारचं कसं कळलं असेल हो?”

मी मेथी निवडत होते. एक काडी तीन वेळा निवडली.

“गुरुवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आपल्या नकाशात एक नवीन गाव उगवलं,” ती म्हणाली. “हितचिंतक नावाचं. नंतर त्याने एक वीटसुद्धा रचली नाही. त्या वेळी अंबरनाथची लाइट नव्हती. बदलापूरची पण नव्हती. उल्हासनगरची असते ना हो गुरुवारी दुपारी?”

“असते. म्हणजे असेल. का?”

“काही नाही. वहीत रकाना रिकामा होता.”

तिने रकाना भरला. मी पाणी प्यायला उठले. परत आले तर ती म्हणाली, “माझ्या गावाची किल्ली तुम्हाला देऊ? उद्याच्या पुरती?”

किल्ली म्हणजे पासवर्ड. तिच्या गटात चौदा खेळाडू आहेत, एकाहून एक. मी म्हटलं, त्यांच्यातल्या कोणाला तरी दे.

“त्यांना काय पडलंय? तुमच्याइतकं हुशार कोण आहे घरात? आणि नोकरी गेली तर कोणाला वाईट वाटणार? तुम्हालाच ना.”

वहीच ठेवून गेली. शेवटच्या पानावर सूचना: सैन्य येताना दिसलं तर काय करायचं, किती सेकंद आधी करायचं.

सुटले. तिला नुसता अंदाज जरी असता तरी किल्ली माझ्या हातात दिली असती का? बिचारी भोळी आहे. हिशेबात पक्की, माणसं ओळखण्यात कच्ची.

झोप मात्र येत नाहीये. मेथी जड असते.

२ डिसेंबर, रविवार

आधी ठरवलं होतं की काहीच करायचं नाही. विचारलं तर सांगायचं, आईंना बाथरूमला नेलं होतं.

सव्वाअकराला नुसतं बघायला म्हणून बसले. खुर्ची खालीच होती. वर करायचं सुचलं नाही. पडद्यावर तांबड्या रेघा: अकरा चाली येत होत्या. पहिली बारा वाजून चार मिनिटं नऊ सेकंदांनी पोचणार, शेवटची साडेतीनला. कोब्राने मित्रांनाही वर्गणीत घेतलेलं. प्रत्येक चालीत घरं पाडायची यंत्रं. सगळ्या लागल्या तर मोतीबाई शंभराव्या नंबरवर.

आई कॉटवरून म्हणाल्या, “काय बघतीस गं एवढं?”

“प्रीतीच्या गावावर सैन्य येतंय, आई.”

“मंग? बघत बसलीस काय नुसती?”

वही उघडली. सूचना क्रमांक एक: चाल यायच्या दहा सेकंद आधी आपले सैनिक बाहेर फिरायला पाठवा, दहा सेकंदांनी परत घ्या, माणसं वाचतात. माणसं वाचतात, पण घरं? घरं वाचवायची तर आत भिंतीसारखं कोणीतरी उभं राहायला हवं. तिचे सातशे सैनिक पुरणार नव्हते. पुढे एक ओळ होती: ‘शेजारचं गाव शरसंधान, सहा मिनिटांवर. ताईंचे अकराशे चाळीस.’

माझे सैनिक हिने मोजून ठेवले होते! मला स्वतःला आकडा माहीत नव्हता.

अकरा पंचेचाळीसला मी माझे सगळे पाठवले. मागे एकही ठेवला नाही. का ते विचारू नये. मी स्वतःला विचारलं नाही.

पहिल्या तीन चाली भिंतीवर आपटून गेल्या. मी ओरडले. आईंनीही काही न कळता टाळी वाजवली. चौथीला एक सेकंद चुकले, धान्याचं कोठार पडलं. आणि मग खरं संकट: दोन गावांचं सैन्य एका गावाचं धान्य खातं. पडद्यावर लिहून आलं, दोन तासांत धान्य संपेल, मग सैनिक उपाशी मरतील. माझ्या गावचं आधीच ओढून घेतलेलं.

आजूबाजूच्या सगळ्यांना पत्रं टाकली. ‘मोतीबाईसाठी धान्य हवंय.’ हुशार लोकांनी हुशार उत्तरं दिली. एक म्हणाला, बदल्यात लोखंड किती? दुसरा म्हणाला, बुडणाऱ्या गावात कोण घालणार? बारा पन्नासला एका ‘जनू पालेगाव’ने बैलगाड्या सोडल्या. नंबर बारा हजार काहीतरी. गावात एक सैनिक नाही, नुसती शेतं. अठराशे पोती. सोबत चिठ्ठी: “आमचे पालेगावची जमीन बिल्डरला गेली ताई. हितं पिकवतो न ठेवतो. खायला कोन हाय. घ्या. झालं तर द्या.”

मग पाचवी, सहावी, सातवी. डोळे चुरचुरत होते. आईंना दीड वाजता जेवण द्यायचं ते अडीचला दिलं. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे, लढ तू.” नवव्या चालीच्या वेळी माझी वेळ अगदी सेकंदावर आली आणि एका क्षणात कळलं की हे काय असतं. तिथे नशीब नसतं, रिकामा वेळ नसतो. बाकी सगळं गळून जातं, आणि फक्त समोरचा माणूस आता काय करेल एवढंच उरतं. हे तिला रोज मिळतं. मला एकदा मिळालं, तेही उधार किल्लीने. त्या क्षणीही मला तिचा हेवा वाटला. जास्तच वाटला.

तीन वाजता कोब्राच्या ध्यानात आलं की शरसंधान मोकळं पडलंय. अकरावी चाल त्याने वळवली आणि वर दोन धाडल्या. माझं सैन्य परत बोलवायला वेळ होता. सहाच मिनिटांची वाट होती.

नाही बोलावलं.

साडेचारला मोतीबाई आठव्या नंबरवर उभी होती. शरसंधानमध्ये एक झोपडी आणि एक शेत शिल्लक. नंबर चौदा हजार दोनशे सहा.

सव्वापाचला सगळे आले. प्रीतीचे डोळे रडून सुजले होते. तिने आधी पडदा नाही, माझ्याकडे बघितलं.

“आहे,” मी म्हटलं. “आठवी.”

“आणि तुमचं?”

“डोळा लागला मधे. ते गेलं.”

आई कॉटवरून काहीतरी बोलणार होत्या. मी त्यांच्या तोंडात पेढा घातला.

५ डिसेंबर, बुधवार

मोतीबाई सहावी. कंपनीची मेल आली. नरेंद्रभावजी जिन्यातच रडले. मी म्हटलं, खाली वॉचमन बघतोय.

६ डिसेंबर, गुरुवार

चैत्यभूमी. सहा तास रांगेत. प्रीती पुढे, मी मागे. एकदा वळून तिने मला पाण्याची बाटली दिली. आज काही लिहीत नाही.

११ डिसेंबर, मंगळवार

ठाण्याला मुलाखत झाली. राजेंद्रच्या आग्रहाने मी सोबत गेले. काचेच्या पलीकडे बसले होते, पण दार उघडं होतं. टाय लावलेल्या पोराने विचारलं, “मॅम, टॉप प्लेयर आणि बाकीचे, फरक काय असतो?”

मला वाटलं वही काढेल. लोडशेडिंग सांगेल. प्रीती म्हणाली, “बाकीचे शत्रूवर नजर ठेवतात. मी बघते, आपल्या जवळचं कोण कशाने दुखावलंय. धोका तिथून असतो. मग किल्ली त्याच्याच हातात द्यायची. मग तो झोपत नाही, अन् दुसऱ्या कोणाला आत येऊ देत नाही.”

पोराने टेबलावर हात आपटला. “वॉव.”

वॉव काय? कोब्राला हिने कधी किल्ली दिली होती? मुलाखतीत काहीही ठोकून देते. सहा हजारांची नोकरी अशा वाक्यांवर मिळते आणि मी एकवीस वर्षं खरं लिहिते आहे. पण बोलली मात्र रुबाबात. मला असं वाक्य सुचलं असतं तर त्यावर मी दोन शनिवार काढले असते.

परत येताना गाडीत जागा मिळाली. “ताई, नवीन कॉम्प्युटर आला की तुमची खुर्ची सुटली,” म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. सुटली म्हणे. दुपारी आईंना एकट्याने कंटाळा येईल, एवढंच माझ्या मनात आलं.

२३ डिसेंबर, रविवार

प्रीतीच्या घरी कंपनीचा कॉम्प्युटर लागला. सपाट पडद्याचा. आमचा मागून गाभण म्हशीसारखा दिसतो. ती आता खेळत नाही, खेळणाऱ्यांवर लक्ष ठेवते. मोतीबाईचं गाव नियमाप्रमाणे बंद झालं. बघायला बोलावलं होतं. गेले, चहा प्यायले, पडद्याची तारीफ केली. दुखलं, पण करता आली.

माझं गाव आहे अजून. एक झोपडी, एक शेत. तासाला तीस पोती पिकतात. सैनिक ठेवले नाहीत. घरंही वाढवली नाहीत, त्यामुळे नंबर आणखी घसरला. रिद्धी फोनवर ओरडली, “आई, काय हे? डिलीट कर ना!” मी म्हटलं, थांब जरा.

गेल्या मंगळवारपासून रोज कामावर जाण्याआधी आणि आल्यावर गाड्या जोडते. कधी दोनशे, कधी दीडशे. पालेगावच्या जनूकडे पोचायला गाडीला दीड तास लागतो. त्याने एकदाही विचारलं नाही कुठवर आलं म्हणून.

आज शेवटची शंभर पाठवली. अठराशे पुरी झाली. चिठ्ठीची जागा रिकामी ठेवली, आणि गाड्या पोचेपर्यंत बसून राहिले.